क्रिकेटवीर बाळू पालवणकर



थोर पुरुषांची चरित्रे वाचावयास बसलो म्हणजे राजे, सेनापती, ग्रंथकार, संत आणि समाजसुधारक यांचीच नावे बहुधा आपल्यापुढे येतात. मैदानावर चेंडू टाकणाऱ्या मनुष्याचे चरित्र ते काय असावयाचे, असा प्रश्न एखाद्या वडील मनुष्याने विचारला तर त्याचे नवल वाटावयास नको. परंतु ज्या पुरुषाची हकीकत मी आज सांगणार आहे, त्याच्या हाती चेंडूवाचून दुसरे कोणतेही शस्त्र नव्हते. आणि तरीही त्या एका चेंडूने त्याने मोठमोठ्या विद्वानांस व श्रीमंतांस एका प्रश्नाचे उत्तर द्यावयास भाग पाडले. तो प्रश्न असा की, ज्याच्या बरोबर आपण खेळतो त्याच्या बरोबर बसून आपण चहा का पिऊ नये?

दिवाळी सरली आणि पहिली वेचणी आटोपली म्हणजे आपल्या पिंपळगाव राजासारख्या गावीदेखील रिकाम्या वावरात मुलांचे डाव मांडले जातात. त्या वेळी कोणाचा बाप काय करतो, कोणाचे घर कोणत्या आळीत आहे, याची चौकशी कोणी करीत नाही. ज्यास चेंडू चांगला टाकता येतो त्यास आपल्या बाजूस ओढण्याची धडपड चाललेली असते. हा मैदानाचा न्याय होय. मैदानाबाहेरचा न्याय मात्र पुष्कळदा निराळा असतो. ह्या दोन न्यायांमध्ये ज्यांचे सबंध आयुष्य गेले, ते बाळू बाबाजी पालवणकर होत.

बाळू यांचा जन्म 19 मार्च 1876 रोजी धारवाड येथे झाला. त्यांचे घराणे मूळचे कोकणातील पालवण गावचे, म्हणून आडनाव पालवणकर. जात चर्मकार, त्या काळच्या समाजाने ज्यांस अस्पृश्य ठरवून गावाच्या कडेस ठेवले होते, त्यांपैकी एक. वडील लष्कराच्या नोकरीत होते आणि त्या नोकरीमुळे कुटुंब पुण्यास राहावयास आले. पुण्याच्या छावणीत गोरे अधिकारी क्रिकेट खेळत असत. त्यांनी टाकून दिलेल्या जुन्या फळ्या व झिजलेले चेंडू घेऊन बाळू आणि त्यांचे धाकटे बंधू शिवराम यांनी खेळाची पहिली अक्षरे गिरविली. त्यांस ना शिक्षक होता, ना पोशाख, ना स्वतःचे मैदान. त्यांची शाळा म्हणजे दुसऱ्याचा खेळ दुरून डोळे भरून पाहणे, एवढीच होती.

घरची स्थिती शिक्षण लांबविण्याजोगी नव्हती. तेव्हा बाळू यांनी पुण्यातील पारशी गृहस्थांच्या एका क्रिकेट क्लबात मैदान झाडण्याची व खेळपट्टीची निगा राखण्याची चाकरी धरली. पगार दरमहा 3 रुपये. पुढे 1892 साली ते युरोपियनांच्या पूना क्लबात गेले. तेथे 4 रुपये मिळू लागले. रोलर फिरवावा, पट्टीवर चुन्याच्या रेषा माराव्या, सरावाची जाळी उभी करावी, हे त्यांचे काम. काम उरकल्यावर साहेब लोकांस सराव देण्यासाठी चार चेंडू टाकण्याची त्यांस मुभा मिळाली, आणि तेथूनच त्यांचे भाग्य उघडले.

ह्या सुमारास पूना क्लबात कॅप्टन जे. जी. ग्रेग नावाचे एक लष्करी अधिकारी खेळत असत. हेच गृहस्थ पुढे इंग्लंडात हॅम्पशायर परगण्याकडून खेळले आणि वार्धक्याकडे झुकल्यावर रोमन कॅथॉलिक धर्मगुरू झाले. मूर्ती लहान, पण फलंदाजी अशी की मुंबई इलाख्यात त्यांच्या तोडीचा गोरा फलंदाज नव्हता. ग्रेगसाहेब इतरांच्या आधी मैदानावर येत आणि बाळू यांस तासन् तास चेंडू टाकावयास लावीत. आपणांस एकदा बाद केले की ते आठ आणे बक्षीस देत, अशी आख्यायिका आहे. महिना चार रुपये मिळविणाऱ्या मुलास आठ आणे म्हणजे जवळजवळ चार दिवसांची मजुरी! आख्यायिका खरी असो वा नसो, एवढे निश्चित की, ज्या फलंदाजास बाद करण्यासाठी चांगले चांगले गोलंदाज झुरत, त्यालाच रोजच्या रोज चेंडू टाकून बाळू यांचा हात तयार झाला.

तथापि एक गोष्ट ध्यानात धरण्याजोगी आहे. त्या क्लबात बाळू यांनी अगणित चेंडू टाकले, परंतु फळी हाती घेऊन फलंदाजी करण्याची संधी त्यांस कधीही मिळाली नाही. गोलंदाजी हे राबण्याचे काम, म्हणून ते चाकराकडे. फलंदाजी ही चैन, म्हणून ती साहेबाकडे. अशीच जणू त्या मैदानाची वाटणी होती.

ज्यांस ह्या खेळाची फारशी माहिती नाही त्यांच्याकरिता बाळू यांच्या कलेविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. ते डावखुरे व संथ गोलंदाज होते. वेगाने चेंडू फेकून फलंदाजास भिवविणे हा त्यांचा मार्ग नव्हे. बोटांनी पीळ देऊन सोडलेला त्यांचा चेंडू खेळपट्टीवर टप्पा घेताच उजव्या हाताने खेळणाऱ्या फलंदाजापासून दूर वळे. पुढचा, तसाच दिसणारा, चेंडू उलट दिशेने आत येई. तिसरा मुळीच न वळता सरळ जाई. कधी गती किंचित वाढवावी, कधी चेंडू थोडा उंच देऊन फलंदाजास पुढे येण्याचा मोह पाडावा, अशी त्यांची योजना असे. आणि हे सर्व एक तास नव्हे, तर दिवसचे दिवस, न थकता व टप्पा न चुकविता. इंग्लंडात त्या काळी विल्फ्रेड ऱ्होड्स नावाचा असाच डावखुरा संथ गोलंदाज जगप्रसिद्ध होता. जाणकार लोक बाळू यांस हिंदुस्थानचा ऱ्होड्स म्हणू लागले.

पुण्यातील हिंदूंचा एक क्रिकेट क्लब होता व पूना क्लबाच्या गोऱ्यांस हरवावे अशी त्याची फार दिवसांची इच्छा होती. गोऱ्यांच्या मैदानावरचा पट्टी झाडणारा मुलगा उत्तम गोलंदाज आहे, ही वार्ता त्यांच्या कानी गेली. परंतु बाळू यांस घ्यावे तर विटाळ, न घ्यावे तर हार! क्लबातील ब्राह्मण सभासदांत ह्यावरून मतभेद झाला. अशा वेळी ग्रेगसाहेबांनीच आपले मत प्रसिद्ध केले की, असा गोलंदाज हाताशी असता जे त्यास घेणार नाहीत ते मूर्ख ठरतील. अखेर बाळू यांस संघात घेण्यात आले.

घेतले ते मैदानापुरतेच. मैदानावर सर्व गडी एकच चेंडू हाताळीत, आणि चामड्याचा तो चेंडू बाळू यांच्या हातून ब्राह्मण खेळाडूच्या हाती गेला तरी कोणास विटाळ होत नसे. परंतु चहाची वेळ झाली म्हणजे इतर मंडळी तंबूत बसून चिनी मातीच्या पेल्यांतून चहा घेत आणि बाळू यांस तंबूबाहेर उभे करून मातीच्या, पिऊन फेकून द्यावयाच्या भांड्यात चहा देण्यात येई. तोंड धुवावयाचे झाल्यास त्यांच्याच सारखा एखादा अस्पृश्य चाकर दूर कोपऱ्यात पाणी आणून देई. जेवणही निराळे वाढले जाई. ज्याने सकाळी संघास विजयाच्या वाटेवर आणून ठेवले, तोच दुपारी संघाबाहेर उभा असे. मित्रहो, ह्या मातीच्या भांड्याचा आपण विसर पडू देऊ नये. पुढील सर्व कथेत तेच आपली सोबत करणार आहे.

बाळू यांनी ह्या अपमानाचे उत्तर वादविवादाने दिले नाही. ते त्यांनी चेंडूने दिले. हिंदूंच्या संघाने त्यांच्या बळावर पूना क्लबास व इतर गोऱ्या संघांस नमविले. सातारा येथील गोऱ्यांच्या जिमखान्याशी झालेल्या सामन्याची हकीकत प्रसिद्ध आहे. बाळू यांचा चेंडू वळू नये म्हणून तेथील लोकांनी आठवडाभर रोलर फिरवून पट्टी दगडासारखी टणक करून ठेविली होती, कारण टणक व सपाट पट्टीवर संथ गोलंदाजाची कला चालत नाही. तरीही बाळू यांनी 7 गडी बाद केले. रोलर कसा फिरवितात आणि फिरविलेल्या पट्टीचे मर्म कोठे असते, हे ज्याने लहानपणी स्वतः तो रोलर ओढला त्याच्याहून अधिक कोणास ठाऊक असणार?

ह्या विजयानंतर पुण्यात त्यांचा जाहीर गौरव झाला. न्यायमूर्ती रानडे यांनी त्यांची प्रशंसा केली. ज्याच्या बरोबर खेळता त्याच्या बरोबर खाण्यापिण्यास काय हरकत, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. लोकमान्य टिळकांनीही त्यांचे कौतुक केले. जे काम शेकडो व्याख्यानांनी होत नव्हते, त्याचा आरंभ एका गोलंदाजाने केला.

1896 साली प्लेगची साथ आली आणि त्या सुमारास पालवणकर बंधू मुंबईस गेले. तेथे परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्यात बाळू यांस घेण्यास काही सभासदांनी विरोध केला, परंतु कर्णधार कीर्तिकर यांच्या आग्रहाने तो विरोध मावळला. उदरनिर्वाहासाठी बाळू यांनी रेल्वेत नोकरी धरली व रेल्वेच्या संघातूनही ते खेळू लागले. मुंबईत एक महत्त्वाची गोष्ट घडली. पुण्यात ज्यांस तंबूबाहेर उभे राहावे लागे, त्यांस मुंबईच्या जिमखान्यात सहकाऱ्यांच्या पंक्तीस बसून जेवावयास मिळू लागले. तत्कालीन सुधारकी वृत्तपत्रांनी ह्या पंक्तीची आनंदाने नोंद घेतली.

फेब्रुवारी 1906 मध्ये मुंबईस हिंदू व युरोपियन यांच्यात मोठा सामना झाला. हिंदूंनी पहिल्या डावात 242 धावा केल्या. युरोपियनांनी 191 केल्या. दुसऱ्या डावात हिंदू 160 धावांत बाद झाले, आणि जिंकण्यासाठी युरोपियनांस 212 धावा हव्या होत्या. त्यांचा सबंध डाव 102 धावांत आटोपला. बाळू यांनी पहिल्या डावात 3 व दुसऱ्या डावात 5 गडी बाद केले. शिवरामही ह्या संघात होते. राज्यकर्त्यांस त्यांच्याच खेळात जिंकले, ह्याचा आनंद शहरभर झाला. आणि तो आनंद ज्यांच्या हातून मिळाला त्यांत दोन चर्मकार बंधू होते, ही गोष्ट विचारी लोकांच्या नजरेतून सुटली नाही. पुढील वर्षापासून हिंदू, पारशी व युरोपियन यांचे तिरंगी सामने सुरू झाले. 1912 पासून मुसलमानांचा संघ आल्यावर ते चौरंगी झाले.

आता आपण बाळू यांच्या आयुष्यातील त्या हंगामाकडे वळू, ज्यामुळे त्यांचे नाव समुद्रापलीकडे गेले. 1911 साली हिंदुस्थानचा एक संयुक्त संघ इंग्लंडास पाठविण्याचे ठरले. पूर्वी पारशी मंडळींनी असे दौरे केले होते. परंतु पारशी, हिंदू, मुसलमान व शीख अशा सर्वांचा मिळून संघ परदेशी जाण्याची ही पहिलीच वेळ होती. पतियाळाचे तरुण महाराजा भूपिंदरसिंग कर्णधार झाले. त्यांचे वय अवघे 19 वर्षांचे होते. संघात मेजर मिस्त्री, डॉ. कांगा, वॉर्डन, मेहेरहोमजी हे पारशी खेळाडू होते; म्हैसूरकडील जयराम होते; मुंबईचे पै होते; सलामुद्दीन व शफकत हुसेन हे मुसलमान खेळाडू होते; आणि बाळू व शिवराम हे दोघे बंधू होते. एका बाजूस संस्थानिक व दुसऱ्या बाजूस रोलर ओढून वाढलेला गोलंदाज, असे हे पथक मे महिन्यात जहाजावर चढले. बाळू त्या वेळी 35 वर्षांचे होते. गोलंदाजाच्या दृष्टीने उमेदीचा काळ मागे पडू लागण्याचे ते वय.

जूनच्या आरंभी पहिला सामना ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांशी झाला व त्यात आपला संघ एका डावाने हरला. पुढेही हारीमागून हार येत गेली. हवा परकी, पट्ट्या निराळ्या, सामने एकापाठोपाठ एक. त्यातच 22 जून रोजी बादशहा पाचवे जॉर्ज यांचा राज्याभिषेक असल्याने कर्णधार महाराजांचे लक्ष मैदानापेक्षा दरबाराकडे अधिक लागले. थोडे सामने खेळून त्यांनी संघ सोडला, आणि मेजर मिस्त्री हे त्यांच्या पदरी असल्याने त्यांसही महाराजांबरोबर राहावे लागले. उत्तम फलंदाज गेला आणि कर्णधारही गेला. संघाची धुरा डॉ. कांगा यांच्याकडे आली.

अशा विस्कटलेल्या संघात एक मनुष्य मात्र रोज सकाळी चेंडू हाती घेई आणि सायंकाळपर्यंत टाकीत राही. केंब्रिज विद्यापीठाच्या संघाविरुद्ध बाळू यांनी एका डावात 103 धावा देऊन 8 गडी बाद केले. हीच त्यांच्या सबंध आयुष्यातील सर्वोत्तम कामगिरी ठरली. विचार करा, ज्या विद्यापीठांच्या दारी हिंदुस्थानातील श्रीमंतांची मुले प्रवेशासाठी जात, त्या विद्यापीठाच्या पदवीच्छूंचे आठ फलंदाज कॉलेजचे तोंडही न पाहिलेल्या मनुष्याने एका डावात परत पाठविले! लॉर्ड्सच्या पुण्यभूमीवर एम. सी. सी. सारख्या मातब्बर संघाचे 4 गडी व लँकेशायरच्या एका डावात 7 गडी त्यांनी बाद केले.

जुलैत लेस्टर येथे दैव फिरले. लेस्टरशायरविरुद्ध दोन्ही डावांत मिळून बाळू यांनी 11 गडी बाद केले आणि आपला संघ 7 गडी राखून विजयी झाला. परगण्याच्या संघाविरुद्ध ह्या दौऱ्यातील हा पहिला विजय. त्याच्या पाठोपाठ सॉमरसेटशी टाँटन येथे जो सामना झाला तो अधिकच चित्तवेधक होता. चौथ्या डावात मोठी धावसंख्या गाठावयाची होती आणि गडी पडत चालले होते. शिवराम यांनी नाबाद 113 धावा केल्या. बाळू यांनीही फळी हाती घेऊन अर्धशतक झळकाविले. आणि हिंदी संघाने केवळ एक गडी राखून सामना जिंकला. पूना क्लबाने ज्यांस कधी फळी दिली नाही, त्यांनी साहेबांच्याच देशात ती चालवून दाखविली. दोन सख्ख्या भावांनी मिळून मिळविलेला असा विजय क्वचितच पाहावयास मिळतो.

सबंध दौऱ्यात एकंदर 23 सामने झाले. त्यांपैकी 6 जिंकले, 15 हरले व 2 अनिर्णित राहिले. प्रथम दर्जाच्या 14 सामन्यांत तर केवळ दोनच विजय मिळाले, आणि ते वर सांगितलेलेच. आकडे पाहिले तर हंगाम पराभवाचाच म्हणावा लागेल. पण त्या पराभवात बाळू यांचा आकडा पाहा. प्रथम दर्जाच्या सामन्यांत त्यांनी 75 गडी बाद केले व प्रत्येक गड्यामागे सरासरी सुमारे 20 धावा दिल्या. सर्व सामने धरले तर त्यांच्या बळींची संख्या शंभरावर गेली. संघ हरत असता स्वतःचे काम न बिघडविणे ही विजयी संघात चमकण्याहून अवघड गोष्ट आहे. जिंकणाऱ्या संघात प्रत्येकाचा हात आपोआप उचलला जातो. हरणाऱ्या संघात रोज सकाळी तो स्वतःच्या निश्चयाने उचलावा लागतो.

मायदेशी परतल्यावर मुंबईतील दलित समाजाने बाळू यांचा सत्कार केला. त्या सत्काराच्या कामी एल्फिन्स्टन कॉलेजातील वीस वर्षांच्या एका विद्यार्थ्याने पुढाकार घेतला होता व मानपत्रही त्यानेच तयार केले होते, असे सांगतात. त्या विद्यार्थ्याचे नाव भीमराव रामजी आंबेडकर. तरुण भीमरावांस बाळू यांच्याविषयी मोठा आदर वाटे. आपल्या समाजातील मनुष्य केवळ गुणांच्या बळावर केवढी उंची गाठू शकतो, ह्याचे जिवंत उदाहरण त्या काळी त्यांच्यापुढे दुसरे कोणते होते?

एवढे सर्व झाल्यावर बाळू यांस हिंदू संघाचे कर्णधारपद मिळाले असेल असे आपणांस वाटेल. ते मिळाले नाही. वयाने, अनुभवाने व कर्तबगारीने ते सर्वांत वरचे होते. परंतु कर्णधार म्हटला म्हणजे त्याने आज्ञा द्यावयाची आणि इतरांनी ती पाळावयाची. चर्मकाराचा चेंडू चालत होता, चर्मकाराची आज्ञा चालत नव्हती. मातीचे भांडे गेले होते, पण त्याची सावली उरली होती. 1913 साली एम. डी. पै हे कर्णधार झाले तेव्हा ह्या सज्जन गृहस्थाने आपल्या ज्ञातिबांधवांच्या सत्कारसभेत मोकळेपणाने सांगितले की, हा मान वस्तुतः बाळू यांचा आहे. असा प्रामाणिकपणा दाखविणाऱ्या मनुष्याचे नाव बाळूंच्या चरित्रात आदराने घेतले पाहिजे.

बाळू यांचे आणखी दोन बंधू, गणपत आणि विठ्ठल, हेही उत्तम खेळाडू निघाले. एका घरचे चार भाऊ हिंदू संघाकडून खेळले. गणपत यांचे 1920 साली अकाली निधन झाले. त्याच वर्षीच्या चौरंगी सामन्यांच्या वेळी बाळू यांस आरंभी संघातून वगळण्यात आले. पै आजारी असल्याने कर्णधारपदाचा प्रश्न निघाला असता तो मान पुण्याचे प्रा. दि. ब. देवधर यांस देण्यात आला. शिवराम व विठ्ठल हे दोघेही त्यांच्याहून अनुभवी होते. तेव्हा दोघा भावांनी आपली नावे मागे घेतली व आपल्यावर जातीमुळे अन्याय होत आहे असे जाहीरपणे कळविले. ज्यांच्या घराण्याने पंचवीस वर्षे केवळ चेंडूने उत्तर दिले होते, त्यांनी प्रथमच लेखणीने उत्तर दिले. लोकमत हलले. अंतिम सामन्याच्या वेळी पै पुन्हा कर्णधार झाले, बंधू संघात परतले, आणि 44 वर्षांच्या बाळू यांस उपकर्णधार नेमण्यात आले. त्या सामन्यात पै काही वेळ मैदानाबाहेर गेले आणि तेवढा वेळ हिंदू संघाचे नेतृत्व बाळू यांनी केले. तीस वर्षांच्या सेवेचे हे थोड्या वेळाचे वेतन!

तथापि वडील भावाने पेरलेले धाकट्याच्या हाती पिकले. 1923 साली विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले, संघाने ती स्पर्धा जिंकली, आणि लोकांनी विठ्ठल यांस खांद्यांवर घेऊन मिरविले. उच्चवर्णीयांच्या खांद्यांवर चर्मकार कर्णधार, हे दृश्य पाहून बाळू यांस काय वाटले असेल ह्याची कल्पनाच केलेली बरी. विठ्ठल यांनी पुढे आपले आत्मचरित्र मराठीत लिहिले.

खेळ सोडल्यावर बाळू सार्वजनिक कार्यात पडले. 1932 साली महात्मा गांधींनी येरवड्याच्या तुरुंगात उपोषण आरंभिले तेव्हा तडजोडीसाठी खटपट करणाऱ्या दलित पुढाऱ्यांत बाळू होते, आणि 24 सप्टेंबरच्या पुणे करारावर त्यांची सही आहे. स्वतंत्र मतदारसंघ व धर्मांतर ह्या दोन्ही प्रश्नांवर त्यांचे मत डॉ. आंबेडकरांहून भिन्न होते. 1937 साली मुंबई कायदेमंडळाच्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांस प्रत्यक्ष डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे केले. डॉ. आंबेडकरांस 13,245 मते पडली, बाळू यांस 11,225. ज्या तरुणाने एकेकाळी मानपत्र लिहिले, त्याच्याशीच सामना व्हावा, हा काळाचा विलक्षण खेळ होय.

ह्या मतभेदाविषयी निवाडा देण्याचे हे स्थळ नव्हे. एवढेच म्हणावेसे वाटते की, दोघांनीही एकच मातीचे भांडे हाती धरले होते. एकाचा विश्वास असा की, आपले गुण दाखवीत राहिले तर पंक्तीत जागा मिळेल. दुसऱ्याचे म्हणणे असे की, जागा मागत बसण्यापेक्षा हक्काने घ्यावी, आणि पंक्तच खोटी असेल तर ती सोडावी. बाळू यांच्याच आयुष्याकडे पाहिले तर दोघांच्याही म्हणण्यास आधार सापडतो. गुणांनी त्यांस जेवणाच्या पंक्तीपर्यंत नेले. परंतु गुणांनी त्यांस कर्णधार केले नाही. त्यांचे बंधू कर्णधार झाले ते अन्यायाविरुद्ध उघडपणे बोलल्यानंतर.

4 जुलै 1955 रोजी मुंबई येथे बाळू यांचे देहावसान झाले. प्रथम दर्जाच्या 33 सामन्यांत त्यांनी 179 गडी बाद केले आणि प्रत्येक गड्यामागे सरासरी 15 धावांहून किंचितच अधिक दिल्या. हिंदुस्थानचा पहिला कसोटी सामना 1932 साली झाला. तोवर बाळू यांचा खेळ संपून बारा वर्षे लोटली होती. त्यामुळे कसोटीच्या याद्यांत त्यांचे नाव नाही आणि पुष्कळ दिवस लोकही त्यांस विसरले. इतिहासकारांनी अलीकडे त्यांचे नाव पुन्हा उजेडात आणले आहे.

मित्रहो, हे चरित्र वाचून परिश्रमाने सर्व काही साध्य होते असा सोपा बोध मी काढीत नाही, कारण तो खरा नाही. बाळू यांनी परिश्रमांत काही कसूर ठेवली नव्हती. जे उणे राहिले ते इतरांच्या न्यायबुद्धीत राहिले. म्हणून ह्या कथेतील अर्धा धडा बाळूसारख्यांकरिता आहे, आणि अर्धा त्यांच्या बरोबर खेळणाऱ्यांकरिता. ज्या मुलास आज रोलर ओढावयास लावले आहे, त्याने रोलर ओढता ओढता पट्टीचे मर्म शिकावे. हरणाऱ्या संघातही आपला टप्पा चुकवू नये. आणि जो तंबूत बसून चहा घेत आहे, त्याने दारापाशी कोण उभा आहे हे मान वळवून पाहावे.

हा दुसरा धडा मी परक्यांस उद्देशून सांगत नाही. आम्ही ख्रिस्ती लोक एकाच मेजावरून भाकर व द्राक्षारस घेतो आणि प्रभूच्या ठायी भेद नाही असे मानतो. तरीही सोयरीक ठरविताना, बसावयाची जागा निवडताना, पूर्वीच्या जातीची आठवण आमच्यातून समूळ गेलेली नाही, हे कबूल केले पाहिजे. मातीचे भांडे फुटले म्हणून ते ठेवण्याची जागा मनातून पुसली जाते असे नव्हे.

यंदाच्या सामन्यांसाठी आपल्या मैदानावर पुन्हा रोलर फिरेल, चुन्याच्या रेषा पडतील, संघ निवडले जातील. त्या वेळी उत्तम चेंडू टाकणाऱ्यास तुम्ही अवश्य आपल्या बाजूस घ्याल, त्याविषयी मला शंका नाही. डाव संपल्यावर त्यास आपल्या शेजारी बसवाल, आणि पुढच्या वर्षी कर्णधार निवडताना त्याचे नाव स्वतः पुढे कराल, एवढी मात्र माझी विनंती आहे.